जेम्स व्हेलची बोलती नक्की कुणी बंद केली?

खिडकीतला दिवा
काल आमच्या इकडच्या मराठी ग्रुपवर एकाने लांबलचक पोस्ट टाकली. सार असं, की जेम्स व्हेल हा ब्रिटनमधला शेवटचा खरं बोलणारा रेडिओवाला, मनात आलं ते बोलला म्हणून त्याला पुन्हापुन्हा हाकलून त्याची बोलती बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो गेला तेव्हा मोकळं बोलणंही गेलं. खाली ढीगभर अंगठे.

माणूस कॅन्सरने गेलाय, ७४ वर्षांचा होता, वाईट मलाही वाटलं. पण "बोलती बंद केली" वाचून डोकं फिरलं. कधी बंद केली? १९७४ ला न्यूकॅसलच्या मेट्रो रेडिओवर श्रोत्यांचे फोन घ्यायचा रात्रीचा कार्यक्रम, मग लीड्सचं रेडिओ एअर, मग तोच कार्यक्रम कॅमेरे लावून आयटीव्हीवर, १९९५ पासून टॉक रेडिओ, त्याचंच पुढे टॉकस्पोर्ट झालं, तिथून २००८ ला काढलं तर लगेच एलबीसी, मग बीबीसी एसेक्स, २०१६ ला परत टॉकरेडिओ, आणि २०२४ च्या नववर्षाच्या सन्मान यादीत एमबीई हा किताब. पन्नास वर्षं माइक कुणी हातातून काढून घेतला नाही त्याच्या.

बंद व्हायची ती फोन करणाऱ्याची बोलती. समोरच्याला मूर्ख म्हणायचं आणि वाक्य अर्धं असताना खटकन फोन कापायचा, यावर तर त्याचं नाव झालं. आणि त्याचं बघून इतरही तेच करायला लागले.

२००२ च्या हिवाळ्यात मी एका केअर होममध्ये रात्रपाळी करायचे. तिथे एक आजी होत्या, बोलताना अडखळायच्या, झोप अजिबात नाही. रोज रात्री उशाशी रेडिओ. एकदा धीर करून त्यांनी एका रात्रीच्या कार्यक्रमात फोन केला. व्हेलचा नव्हे, त्याच पठडीतला दुसरा होता, नाव लिहीत नाही. त्याने त्यांच्या अडखळण्याची नक्कल केली आणि फोन ठेवला. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. त्यांनी काही न बोलता रेडिओची वायर प्लगमधून काढली. याला खरं बोलणं म्हणायचं का?

मँचेस्टरचा मन्या
ताई, जोरदार असहमत. आजींचं वाईट झालं, पण दुसऱ्याच्या पापाची पावती तुम्ही व्हेलच्या नावाने फाडताय.

मी २००४ पासून साडेतीन वर्षं गोदामात रात्री माल चढवायचो. मराठी सोडा, कुणाशी दोन शब्द बोलणं नाही, दहा ते सहा, थंडी अशी की हातमोज्यातून बोटं वाजायची. साखर घोळल्यासारखं गोड बोलणारे सकाळचे लोक मला नको व्हायचे, हा माणूस तरी रात्री दोनला जागा माणूस जसा वैतागलेला असतो तसा वैतागलेला होता. सोबत वाटायची. आणि फोन करणाऱ्यांना माहीत नव्हतं का तो कसा आहे? आखाड्यात उतरायचं आणि माती लागली म्हणून रडायचं, हे बरोबर नाही. कितीतरी जण तर शिव्या खायलाच फोन करायचे आणि उलट ऐकवूनही जायचे.

आणि २००८ चं तुम्ही "काढलं" एवढ्यावर उरकलंत. का काढलं ते लिहा ना. बोरिस जॉन्सनला मत द्या म्हणाला, एवढंच. पेपरवाले पहिल्या पानावर तेच छापतात तेव्हा कुणाची नोकरी जात नाही.

कलम पाच
एवढंच नाही. १ मे २००८ ला लंडनच्या महापौराची निवडणूक होती आणि हा मार्चमध्ये कार्यक्रमातून एकाला मत द्या सांगतोय, तेव्हाच्या महापौरावर, केन लिव्हिंगस्टनवर, तोंडसुख घेतोय. ऑफकॉमने, म्हणजे इथल्या रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, स्टेशनला २०,००० पौंड दंड केला. पेपर ज्याचा त्याचा असतो, रेडिओची लहर सगळ्यांची असते, ती लायसन्सवर मिळते आणि लायसन्सात निःपक्षपातीपणाची अट असते. तीस वर्षांहून जास्त रेडिओत काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं म्हणणं हा त्याचाच अपमान.

पुणेरी कान
मला या वादात एकच दिसतंय, की तुमच्याकडे निदान नियम मोडायला रेडिओ आहे! आमच्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच बंदी. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, बास. ट्रॅफिक सांगा, पाऊस सांगा, दहावीचा निकाल सांगा. रस्त्यात पाणी तुंबलंय हे सांगता येतं, कुणामुळे तुंबलं ते नाही. दिवसभर तीच दहा गाणी आणि मध्ये सोन्याच्या दुकानाची जाहिरात. टीव्हीवर वाटेल तो आरडाओरडा चालतो, रेडिओच्या तोंडाला मात्र कुलूप. मला रात्री एक वाजता भांडणारा माणूस हवाय रेडिओवर, मराठीत, उद्धट असला तरी चालेल.

कलम पाच
तुमच्या टीव्हीवर जे चाललंय ते रेडिओवर येऊ नये म्हणूनच अशा अटी लागतात. तुम्ही स्वतःच माझा मुद्दा सिद्ध केलात.

पुणेरी कान
अट आणि बंदी यातला फरक तुम्हाला कळत नाही का? तुमच्याकडे बोलू देतात आणि चुकलं तर दंड करतात. आमच्याकडे तोंडच उघडू देत नाहीत. तिकडे बसून आम्हाला शिस्त शिकवू नका.

कलम पाच
"तिकडे बसून" हे कशाला मध्ये? ३१ वर्षं इथे राहतोय म्हणून सातारा विसरलो नाही मी. बंदीचं समर्थन मी कुठे केलं ते वाक्य दाखवा.

पुणेरी कान
"अशा अटी लागतात" हे काय होतं मग? आणि एवढं ऑफकॉमचं कौतुक, तर मागच्या काही वर्षांत टॉकटीव्ही आणि जीबी न्यूजवर काय चालायचं ते निःपक्षपाती होतं का? निवडून आलेले खासदार स्वतःच कार्यक्रम करत होते. तिथे झोपलं होतं का तुमचं ऑफकॉम?

कलम पाच
तिथे ऑफकॉम सैल पडलं, हे मान्य करावं लागेल. २००८ चा मापदंड तिथे लावला नाही. पण म्हणून २००८ चा दंड चुकीचा ठरत नाही. आणि बंदीबद्दल: ती चूकच आहे, झालं समाधान?

पिकलं पान
अहो, शांत व्हा दोघंही. मी १९७६ साली न्यूकॅसलला ज्युनियर डॉक्टर म्हणून आलो. इथे सरकारमान्य खासगी रेडिओ सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, १९७३ पर्यंत बीबीसीचंच राज्य. ऑन-कॉलच्या खोलीत एक ट्रान्झिस्टर आणि त्यावर मेट्रोचा 'नाइट आउल्स', हा पोरगेला व्हेल. टाइन नदीवरच्या गोद्यांतले कामगार, नुकत्याच विधवा झालेल्या बायका, पिऊन आलेले, सगळे फोन करायचे. जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलकडची बोली, मी त्या फोनांवरून शिकलो. आधी वॉर्डात पेशंट लाडाने "हिन्नी" म्हणाला की मला वाटायचं कुणाचं नाव घेतोय. दोन महिन्यांत कुठे दुखतंय ते मला नर्सशिवाय कळायला लागलं.

उद्धट तो तेव्हाही होता. पण त्याआधी रेडिओ म्हणजे वरून खाली बोलणं होतं, साध्या माणसाचा आवाज तसाच्या तसा, मध्यरात्री, हे मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. दिवाताई, आवाज दाबला म्हणताय, पण आत आणलाही त्याच लोकांनी.

खिडकीतला दिवा
काका, तुमचा मान ठेवून सांगते, आत आणून मग कापला. मालक तोच, दार त्याचं, बटण त्याच्याच हाताखाली. आखाड्यात दोघं एका मातीत असतात, मन्या. इथे एकाच्या हातात आवाज बंद करायची सोय आहे, ही कुस्ती कशी?

आणि धागा एफएमवर गेला त्यात २०१८ कुणीच काढलं नाही. तोवर स्टुडिओत कॅमेरे आले होते. एक पाहुणी स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगत होती, आणि हा खोदून विचारतोय आणि तोंड वेडंवाकडं करतोय. सगळ्यांनी पाहिलं. स्टेशनला माफी मागावी लागली, त्याला निलंबित केलं, आणि नंतर तो परत आला. ती बाई फोन करून आखाड्यात उतरली नव्हती, कार्यक्रमात बोलावलेली होती.

मँचेस्टरचा मन्या
२०१८ चा मी बचाव करणार नाही. पाहिलंय मी ते, पूर्ण बघवलं नाही. त्याच वर्षी त्याची बायको फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली, माणूस ठिकाणावर नसेल, एवढंच म्हणतो.

खिडकीतला दिवा
घरात दुःख असताना आपण सगळे कामावर जातो. मी गेलेय.

मँचेस्टरचा मन्या
ठीक आहे. तेवढं तुमचं. बाकीचं नाही.

अर्धा कप
मी सहसा वाचतो फक्त, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हेलला २००० साली किडनीचा कॅन्सर झाला, एक किडनी काढली, २००६ ला त्याने त्यासाठी संस्था उभी केली, हे वर कुणीच लिहिलं नाही.

मी तेव्हा रात्री टॅक्सी चालवायचो. कार्यक्रमात या आजारावर बोलणं चाललं होतं, की लघवीतून रक्त गेलं आणि काहीही दुखत नसलं तरी डॉक्टर गाठायचा. मला धस्स झालं, कारण दोनच दिवसांपूर्वी आई फोनवर म्हणाली होती, बाबांना लाल होतेय. बाबा म्हणायचे उष्णता झालीय, सब्जा घेतोय. गावातल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून दोनदा गोळ्या दिल्या होत्या, थोडे दिवस थांबायचं आणि परत सुरू. मी गाडी बाजूला घेतली, भारतात सकाळ झाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडलो. सोनोग्राफीत उजव्या किडनीत गाठ निघाली. काढली. त्यानंतर ११ वर्षं एका किडनीवर जगले, शेतात जात होते, गेले ते हार्टने.

तो वाईट होता का चांगला मला सांगता येणार नाही. २०२० ला त्याचा कॅन्सर परत आला, मेंदूपर्यंत गेला, तरी माइकसमोर येऊन तसाच बोलत राहिला. हळू आवाजात सभ्य भाषेत कुणी ते लघवीचं सांगितलं असतं तर मी गाडी चालवताना ऐकलं नसतं, हे मला नक्की माहीत आहे.

पुणेरी कान
आमच्याकडे रात्री एकला हे कुठल्या एफएमवर ऐकायला मिळणार, सांगा.

खिडकीतला दिवा
अर्धा कप, हे तू लिहिलंस ते बरं झालं. ते काम त्याच्या नावावर आहे, मी नाही म्हणत नाही, आणि माझ्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. पण त्या ११ वर्षांनी आजींचा फोन भरून निघत नाही, आणि ग्रुपवरच्या पोस्टमधलं "बोलती बंद केली" अजूनही खोटंच आहे.

पिकलं पान
त्या आजींनी पुन्हा लावला का रेडिओ?

खिडकीतला दिवा
आठवड्याने मीच लावला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस चालू होती, कॉमेंट्री रात्रभर असायची. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सकाळपर्यंत लावून ठेवायच्या. म्हणाल्या, इथे कुणाला फोन करायचा नसतो.