मदत हवी आहे: न्हाणीच्या भिंतीतला पाइप फुटलाय, फोंड्यात प्लंबर सुचवा

मंडळी, फोंड्याच्या जुन्या घरी आईबाबा दोघेच असतात, मी पणजीला. आज सकाळी न्हाणीच्या भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप फुटला. टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह गंजलाय. चाक नुसतं गरगर फिरतं, पाणी थांबत नाही. ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली होती, म्हणून बाबांना आधी कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच पाडायला लावला. त्यामुळे पंप आणि गिझरही बंद. आता सगळे नळ उघडून टाकी रिकामी करतायत.

फोंडा-बांदोड्यात आजच येईल असा भरवशाचा प्लंबर कुणाच्या ओळखीत आहे का? आणि चिऱ्याची भिंत फोडून फुटका तुकडाच बदलावा, की बाहेरून नवी सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपची) लाइन घ्यावी? चतुर्थी तोंडावर आहे, आईला फार काळजी लागलीय. कृपया लवकर कळवा.