‘फ्लॅप’ला मराठीत काय म्हणायचं? कलम, ठिगळ की पदर

खानापूरहून:
एका शब्दाचं विचारायचं होतं. आमच्या मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या गालावर कितीतरी महिने न भरणारी जखम होती, तपासणीत बेसल सेल कॅन्सर, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, आता बेळगावला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, तेवढा भाग काढून तिथं लोकल फ्लॅप करू. सिस्टरनी कन्नडमधनं ‘चर्म कसि’ म्हणून सांगितलं, मी त्याचं मराठीत ‘कातडीचं कलम’ केलं आणि तिथंच घोळ झाला, मामा म्हणतात मांडीची कातडी काढणार असतील तर मी येत नाही. फ्लॅपला बरोबर शब्द काय ओ?

निपाणीहून:
त्वचारोपण म्हणा की. नाहीतर ठिगळ.

बेळगावहून:
नको, हे दोन्ही शब्द ग्राफ्टचे. मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात काम करते, हा घोळ रोज बघते आणि पेशंट घाबरून परत गेलेला बघितला की जीव तुटतो म्हणून सविस्तर लिहिते. ग्राफ्ट म्हणजे कातडी पूर्ण तोडून दुसरीकडं लावायची, तिला स्वतःचं रक्त नसतं, खालच्या जखमेतनं मिळेल त्यावर जगायचं. फ्लॅप एका बाजूनं जोडलेलाच राहतो, त्याचं रक्त त्याच्याबरोबर येतं, सगळा फरक तिथंच आहे. मामांच्या गालाला बहुतेक शेजारचीच कातडी येणार, रंग पोत दोन्ही जुळतात. आधी चिमटीत धरून बघतात कुठं सैल आहे, वयस्कर माणसाच्या गालाला ढील असतो ते बरंच. मग शाईनं आखतात. गॉजची पट्टी फ्लॅपच्या बुडाशी धरून जखमेच्या लांबच्या टोकापर्यंत फिरवून बघतात, पोचली तर ठीक, नाहीतर आखणी बदलायची, कारण ताणून शिवलं की टोकाला रक्त पोचत नाही आणि काळं पडायला सुरुवात टोकापासनंच होते. उचलताना कातडीखाली चरबीचा पातळ थर ठेवून उचलतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तिथंच असतं.

आणि क्रियापद फार महत्त्वाचं. ‘फ्लॅप काढला’ म्हणू नका, नातेवाईकांना काढून टाकला असं ऐकू येतं. ‘उचलला’ म्हणा. पेडिकलला, म्हणजे फ्लॅप जिथं जोडलेला राहतो त्या भागाला ‘देठ’ म्हणा, शेतकऱ्याला लगेच कळतं.

कलम शब्दच हवा असेल तर आंब्याचं भेटकलम घ्या. डोळा भरताना डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, झाडावरनं काढून आणतात, तो झाला ग्राफ्ट. भेटकलमात फांदी आईझाडावरच असते, कुंडीतल्या रोपाला बांधायची, जोड धरल्यावर मगच तोडायची.

धारवाडहून:
भेटकलम आवडलं, पण सगळ्या फ्लॅपला नाही बसत. कपाळाच्या फ्लॅपला बसतं. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक पुण्यात कपाळाच्या कातडीनं केलं, त्याची हकीकत 1794 ला लंडनच्या मासिकात छापून आली. मेणाचा नाकाएवढा तुकडा करून, तो कपाळावर पसरून आखणी केली होती, आणि देठ तोडला साधारण 25 दिवसांनी, नाकाकडनं रक्त यायला लागल्यावर. हे अगदी भेटकलम. गालावर शेजारचीच कातडी सरकवली तर तिथं नंतर तोडायचं काहीच नसतं. त्याला मला ‘पदर’ बरोबर वाटतो. पदर साडीचाच असतो, जिथं पाहिजे तिथं ओढून घेतो, साडीपासनं सुटत नाही. कन्नडमधे पण ‘सेरगु’ म्हटलं की तोच अर्थ, म्हणजे आपल्या भागात दोन्हीकडच्या पेशंटला एकच खूण चालेल.

बेळगावहून:
पदर मान्य. कागदावर फ्लॅपच लिहा, तोंडी पदर सांगा. आणि ऑपरेशननंतर रंगावर लक्ष ठेवा, पांढरा पडला तर रक्त येत नाहीय, निळा-जांभळा झाला तर आलेलं परत जात नाहीय. दोन्हीत लगेच सिस्टरना हाक मारायची, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

खानापूरहून:
मामांना आत्ताच माझ्या साडीचा पदर गालाशी धरून दाखवला. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “मांडीला हात लावणार न्हाईत न्हवं? मग सोमवारी जाऊया.”