आईचे ३० पैकी १९

दादा: आईला काल दाखवून आणलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १९. तपासणारा मुलगा म्हणाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. रात्रभर डोळा लागला नाही.

आत्या: अरे देवा! विचारलं काय काय?

दादा: शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढा. सगळं हिंदीत. महिना विचारला, आई म्हणाली श्रावण. तो म्हणे, भादों चल रहा है माताजी.

आत्या: परवाच गोकुळाष्टमी झाली, आपला श्रावण वद्य! इकडच्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून त्यांचा भाद्रपद आधी लागतो. तुझी आई चुकली कुठे?

ताई: दादा, आई दुसरीतून घरी बसली हे त्याला सांगितलंस का? ही फोल्स्टाइन या अमेरिकी डॉक्टरांची १९७५ची चाचणी. तिच्यात शाळेचा वाटा फार मोठा. अमेरिकेत १८ हजारांवर लोकांचे गुण पाहिले होते, १९९३ साली छापून आलं. नऊ वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचा मध्यक, म्हणजे अगदी मधल्या माणसाचे गुण, २९, चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. जिच्या हातात कधी पेन नाही तिला पंचकोन काढायला लावायचे? तीच आई दिवाळीत एकवीस ठिपक्यांची रांगोळी न बघता काढते!

वहिनी: ताई, रांगोळीचं खरंय. पण दिवसभर मी त्यांच्याजवळ असते. मेतकुटाची बरणी कुठली ते तीनतीनदा विचारतात. गेल्या महिन्यात रामबागेत, रोजच्या गल्लीत थबकल्या, घर कुठल्या हाताला ते सुचेना. दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं.

ताई: हे ऐकून काळजात धस्स झालं गं. मग १९ चुकीचे म्हणून सोडून द्यायचं नाही. तिची तुलना शिकलेल्यांशी नको, तिच्याशीच करायची, दोन वर्षांपूर्वीच्या आईशी. लहानपणी शाळा कमी झाली तर म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या अहवालातही ते कारण आहे. हरियाणात बल्लभगडच्या गावांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली आहे, न शिकलेल्यांनाही देता येते. तशी करणारे डॉक्टर बघ. थायरॉइड, बी-१२ आणि कानही तपासून घ्या.

आत्या: भाजीवाल्याशी माळवी, शेजारी हिंदी, घरात मराठी. त्याचा काही उपयोग?

ताई: असावा. हैदराबादला ६४८ रुग्ण पाहिले होते, २०१३ साली छापलं. दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, शाळा न पाहिलेल्यांतसुद्धा.

दादा: सोमवारी दुसरीकडे नंबर लावतो. रामबागेचं मला माहीतच नव्हतं. दिवसभर तू आईजवळ असतेस, तिथे तूच सगळं सांग.

आत्या: मी पण येते. प्रश्न मराठीत करून सांगायला कुणीतरी हवं.