ट्रक अपघातातील दुखापतीचा दावा : तडजोड स्वीकारावी की न्यायाधिकरणात जावे?

नमस्कार. साडेचार महिन्यांपूर्वी गोव्यात कुठ्ठाळीजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मालवाहू ट्रकने माझ्या धाकट्या भावाच्या दुचाकीला मागून धडक दिली. त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले असून सळई बसवली आहे. दुसरी शस्त्रक्रिया तीन महिन्यांनी होईल आणि त्यानंतरच कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी सांगता येईल, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. तो वेल्डिंगचे काम करतो, त्यामुळे आमच्या दृष्टीने हीच टक्केवारी सर्वांत महत्त्वाची आहे.

गुन्हा नोंद झाला आहे. पंचनामा, इस्पितळाची बिले आणि ट्रकच्या विम्याचा तपशील हाती आहे. ट्रक कर्नाटकात नोंदणीकृत आहे. भावाकडे परवाना होता व डोक्यावर हेल्मेट होते. मालकाशी दोनदा बोललो, पण त्याने विमा कंपनीकडे बोट दाखवले. आता कंपनीच्या प्रतिनिधीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खालील (चालकाची चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई) अडीच लाख रुपये घेऊन 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही करण्यास सुचवले आहे. आजवरचा खर्चच त्याहून अधिक असल्याने सही केलेली नाही.

त्याच कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायच्या भरपाईच्या अर्जाची सहा महिन्यांची मुदत जवळ आली आहे. आम्ही म्हापशाला राहतो, तेव्हा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येईल हे ठाऊक आहे. मात्र अपंगत्वाचा दाखला नसताना आत्ताच अर्ज दाखल करून तो दाखला, पुढील शस्त्रक्रियेचा खर्च आणि वाढीव रकमेची मागणी नंतर जोडता येते का, आणि अशा वेळी अर्जात सुरुवातीला रक्कम कशी मांडावी?