पर्चेसचा मेलबॉक्स: व्हेंडरवार लेबलं ठेवावीत की काढून टाकावीत?

गुळपोळी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे शीटमेटल पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसला आहे. आधी स्टोअरला होते. तिथे संध्याकाळी स्टॉक स्टेटमेंट पाठवलं की मेलशी संबंध संपला. इथे चहा यायच्या आत इनबॉक्स भरलेला असतो.

कंपनीच्या डोमेनचं जीमेल आहे. माझ्या आधी या खुर्चीवर असलेल्या सरांनी प्रत्येक व्हेंडरचं वेगळं लेबल केलंय. शे-दीडशे तरी असतील. एवढं करून हवा तो मेल सापडत नाहीच. आमचे एक प्लेटिंगवाले कधीकाळच्या दिवाळी शुभेच्छांच्या मेललाच रिप्लाय करत आलेत. परवा झिंक प्लेटिंगचा किलोमागचा नवा रेट त्यांनी 'आरई: आरई: शुभ दीपावली' या सब्जेक्टखाली पाठवला. तो बिलाला लागल्यावर अकाउंट्सवाले विचारतात, अप्रूव्हल कुठाय?

शिवाय साहेब मला सगळ्यात सीसी ठेवतात. मेलचं ट्रेल (खाली चिकटत गेलेली आधीची उत्तरं) एवढं लांब असतं की त्यात माझं काम कुठलं, तेच कळत नाही. लेबलं तशीच सांभाळू की उडवू? तुम्ही रोज नेमकं काय करता ते सांगा. कृपया नवीन अॅप सुचवू नका, आमचं आयटी काही टाकू देत नाही.

सर्व्हररूम

लेबलं उडवली तरी मेल जात नाहीत, आधी ती भीती काढा. लेबल म्हणजे फक्त चिठ्ठी. व्हेंडरचा मेल शोधायला सर्चमध्ये 'फ्रॉम', कोलन आणि त्याचं नाव पुरेसं आहे. पुढे 'हॅज:अटॅचमेंट' किंवा 'ओल्डर_दॅन:1वाय' (वर्षापेक्षा जुने) जोडा (सगळं इंग्रजी अक्षरांत).

सेटिंग्जमध्ये 'पर्सनल लेव्हल इंडिकेटर्स' चालू करा. फक्त तुम्हाला आलेल्या मेलपुढे दुहेरी बाण दिसेल. आधी तेवढेच वाचा. 'सीसी:मी' हा फिल्टर लावून बाकीचे एका लेबलखाली ढकलता येतील.

जुना खरेदीदार

ताई, सातपूरला अनेक वर्षं पर्चेसच केलं. आता सुटलो, पण सवय सुटत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

व्हेंडरवार लेबलांचा उपयोग नाही, कारण मेल कोणाचा हे मेलवर लिहिलेलंच असतं. सर्चला जे कधीच सांगता येत नाही ते वेगळं: काम कोणाकडे अडलंय. लेबल त्यासाठी वापरा. दोनच ठेवा, 'त्यांच्याकडे' आणि 'रेट'. इनबॉक्समध्ये फक्त तुमच्याकडे अडलेलं राहू द्या. संपलं की अर्काइव्ह. डिलीट नाही.

'त्यांच्याकडे' हे खरं कामाचं. क्वोटेशन मागवलं, डिस्पॅचची तारीख विचारली, रिजेक्शन (नापास माल) उचलायला सांगितलं, की मेल लिहितानाच खालच्या तीन टिंबांतून हे लेबल लावायचं. रोज दुपारी जेवण झालं की ते उघडायचं आणि वरून खाली फोन करत सुटायचं. उत्तर आलं की लेबल काढायचं. पर्चेसमध्ये लाईन थांबते ती मेल न पाठवल्यामुळे फार क्वचित. 'मी मेल केला होता' म्हणून निवांत बसल्यामुळे थांबते. साहेबांना मेलची तारीख दाखवून लाईन चालू होत नाही हो.

आता ती शुभ दीपावली. त्या मेलला रिप्लाय करताना बाणावर क्लिक करून 'एडिट सब्जेक्ट' घ्या. सब्जेक्ट बदलला की जीमेल नवीन धागा सुरू करतं. असा लिहा:

'पीओ ४५१७ / ब्रॅकेट झिंक प्लेटिंग / ६०० नग / गुरुवारपर्यंत डिस्पॅच कन्फर्म करा'

पीओचा (परचेस ऑर्डरचा) नंबर, वस्तू, नग, काय हवंय, कधी. समोरचा मेल न उघडता मोबाईलवर एवढंच वाचतो. 'अर्जंट' लिहू नका, सगळेच लिहितात.

रेटचा मेल आला तर 'ओके' किंवा 'नोटेड' अजिबात लिहू नका. आधी तुमच्याकडे ज्याच्या सहीने रेट बदलतो त्याच्याकडून मंजुरी घ्या. मग स्वतः पूर्ण लिहा: वस्तू, जुना रेट, नवा रेट, कुठल्या तारखेच्या पीओपासून लागू, आधीच्या पीओंना जुनाच रेट, वाहतूक कोणाच्या खात्यावर, जीएसटी वेगळा की धरून. 'एवढ्यावर तुमची संमती कळवा' म्हणून संपवा. त्यांची संमती आली की 'रेट' लेबल. अकाउंट्सने विचारलं की तो एकच मेल पाठवायचा, ट्रेल नाही.

मेलवरच्या 'कन्फर्म'ला वजन असतं, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम हा २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ऑक्टोबर २००७ मध्ये ई-मेलवर ठरला होता, रीतसर करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. कोर्ट म्हणालं, अटी मेलवर ठरल्या आणि स्वीकारल्या गेल्या तर करार झाला, कागद नंतर बनला नाही म्हणून तो मोडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १०ए सुद्धा तेच सांगतं. तेव्हा भाव अजून घासायचा असेल तर 'विचाराधीन आहे' असंच लिहा.

टाचणी

मी पलीकडची, अकाउंट्सची. वरच्या दादांचं बरंच पटलं, पण व्हेंडरची लेबलं सरसकट उडवू नका. ऑडिटर येतो तो 'या पार्टीचा सगळा पत्रव्यवहार द्या' म्हणतो आणि त्याच्यासमोर सर्च करत बसलं की तो आणखी चार प्रश्न काढतो. मोठ्या वीस-पंचवीस पार्ट्यांची ठेवा. हाताने लावू नका, फिल्टर लावून द्या.

दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. बिलं स्वतःच्या आयडीवर मागवू नका. विभागाचा ग्रुप आयडी करून घ्या आणि तोच पीओवर छापा. माणूस रजेवर गेला किंवा सोडून गेला की त्याच्या इनबॉक्समधली बिलं कोणालाच दिसत नाहीत. मग १४ तारखेला जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं स्टेटमेंट) आलं की त्यात बिल दिसतं, आमच्याकडे कागदच नसतो. आणि जुने मेल साफसफाई म्हणून काढू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

दुसरं रिजेक्शनचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगातल्या पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदत चुकली तर तो खर्च पैसे देऊ त्या वर्षीच वजा मिळतो. मार्चमध्ये आमच्या तोंडाला फेस येतो तो यामुळेच. पण माल आल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली असेल तर मुदत ती हरकत मिटल्याच्या दिवसापासून मोजतात. तुम्ही पर्चेसवाले मात्र क्वालिटीच्या माणसाला घेऊन फोनवर भांडता आणि मेल महिन्याने टाकता. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर, डिलिव्हरी चलन नंबर, किती नग नापास, का, दोन फोटो. त्याच दिवशी, आणि आम्हाला सीसी. हा सीसी मात्र हवाय.

सर्व्हररूम

टाचणीताईंच्या ग्रुप आयडीला +१. त्याला जोडून एक. 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट खालील खात्यात करा' असा मेल आला तर मेलला रिप्लाय करून खात्री करू नका. तो रिप्लाय चोराकडेच जातो. डोमेनमध्ये एखादं अक्षर जास्त असतं, किंवा व्हेंडरचाच मेलबॉक्स हॅक झालेला असतो, आणि मग पत्ता अगदी बरोबर दिसतो. व्हेंडर मास्टरमधल्या (कंपनीकडच्या व्हेंडरांच्या नोंदीतल्या) जुन्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, तासातासाने फरक पडतो.

आणि ड्रॉइंग अटॅच करून पाठवू नका. २५ एमबीची मर्यादा आहेच, पण मुख्य अडचण रिव्हिजनची. व्हेंडर डाउनलोड फोल्डरमधलं जुनं ड्रॉइंग उघडतो आणि माल त्याच्यावर काढतो. ड्राइव्हची लिंक द्या, सब्जेक्टमध्ये रिव्हिजन नंबर लिहा.

गुळपोळी

सगळ्यांचे आभार. 'त्यांच्याकडे' आजच केलं. त्यात पडलेलं बघून घाम फुटला, त्यातल्या एका टूलिंगच्या क्वोटेशनची साहेब आठवडाभर वाट बघतायत.

एक अडचण राहिली. आमचे प्लेटिंगवाले मेल बघतच नाहीत, मुलगा संध्याकाळी बघतो. काका स्वतः टेम्पोवर असतात. त्यांचं सगळं फोन आणि व्हॉट्सअॅप. त्यांना सब्जेक्ट कसा शिकवू? आणि साहेबांच्या सीसीचं काय?

जुना खरेदीदार

काकांना काही शिकवू नका, त्यांचं प्लेटिंग चांगलं आहे ना? फोनवर ठरलं की तुम्हीच मेल टाका: 'आज सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे', पुढे रेट, नग, तारीख. मुलगा वाचेल तेव्हा वाचेल. तेच दोन ओळींत काकांना व्हॉट्सअॅपवर मराठीत पाठवा आणि 'हो' घ्या. त्याचा स्क्रीनशॉट त्याच मेलला जोडला की टाचणीताईंचीही सोय झाली.

साहेबांना सीसी कमी करा म्हणू नका. सकाळी त्यांच्याकडे जाता तेव्हा 'त्यांच्याकडे'ची यादी घेऊन जा आणि त्यांनी कुठे फोन टाकायचा ते सांगा. आमच्या साहेबांचे फॉरवर्ड त्यानंतर निम्म्यावर आले होते. उरलेल्यांना सर्व्हररूमचा फिल्टर लावा, पण दिवसातून एकदा तरी त्यात डोकवा.