अनुभव धागा: तुमच्या वाचनालयाचं व्हॉट्सॲप काय कामाचं?

मराठवाड्यातल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांचा आता ग्रुप किंवा पेज असतं. त्यामुळं कपाटातलं पुस्तक खरंच कुणाच्या हातात गेलं का, एवढंच विचारायचंय. ग्रंथपाल, वाचक, संचालक, सगळ्यांनी लिहा. वाचनसंस्कृतीवरची भाषणं 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी ऐकतोच; ती इथं नकोत.

ग्रंथपाल, परभणी जिल्हा (सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं वाचनालय)
ग्रुप सगळ्यांना खुला होता तोवर सकाळी गुलाबाची फुलं आणि संध्याकाळी राजकारण. जुने वाचक एकेक करून बाहेर पडले. मग सेटिंग बदललं, आता फक्त आम्हीच टाकतो. नवी पुस्तकं आली की मुखपृष्ठाचा फोटो, खाली दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा नंबर) आणि दोन ओळी. वाचकानं वाचनालयाच्या नंबरवर नुसतं 'ठेवा' लिहायचं. पुस्तकात नावाची चिठ्ठी घालून ते देवघेवीच्या टेबलाच्या खणात जातं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाही नेलं तर परत कपाटात. खरा फायदा बायांना झाला. एक काकू वर्गणी नियमित भरायच्या, पण दुकान सोडून येणं जमायचं नाही. आता मुलगा क्लासहून येताना पुस्तक नेतो. परत येताना चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: "ह्या बाईचं अजून काय आहे?"

वाचक, धाराशिव
आमच्या पेजवर शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. पुस्तक एकदाच दिसलं, पाहुण्यांच्या हातात. तेही गिफ्ट पेपरात.

स्पर्धा परीक्षावाला, लातूर
मी गावाहून एसटीनं अभ्यासिकेत येतो. लाईट हाय का, खुर्ची मोकळी हाय का, एवढं सकाळी टेलिग्रामवर कळलं तर तिकिटाचे पैसे वाचतेत. आमचे सर टाकायलेत, लई सोय झाली.

वाचक, जालना
आमच्याकडं पुस्तकं थकवणाऱ्यांची यादी नावानिशी ग्रुपवर आली. बहिणीचं नाव त्यात होतं. ती पुस्तक द्यायला गेली, ती परत फिरकली नाही. वर ग्रुपमधून नंबर उचलून कुणीतरी तिला मेसेज करायला लागला, तो ताप वेगळाच.

ग्रंथपाल, परभणी जिल्हा
@जालना: थकबाकी ज्याची त्याला एकट्याला कळवावी, एवढं साधं आहे हो. नंबर लपवायचे तर व्हॉट्सॲपचा चॅनेल बरा, तिथं वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्टही (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो) चालतो, पण एका यादीत 256 जणच, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. आम्ही नव्या सभासदाच्या फोनमध्ये वर्गणीची पावती फाडतानाच नंबर सेव्ह करून घेतो.

निवृत्त शिक्षक, नांदेड जिल्हा
17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांचे तेच ते बॅनर फिरतात. आमच्या ग्रंथपालानं त्याऐवजी वाचनालयातला एक जुना, कडा खाल्लेला ग्रुप फोटो फेसबुकवर टाकला आणि विचारलं, यातले कोण ओळखू येतात? पुण्या-मुंबईला गेलेली गावची मंडळी तुटून पडली. कुणाचे आजोबा निघाले, कुणाचे मास्तर. एकानं वडिलांच्या संग्रहातली पुस्तकं पेटीसकट पाठवली.

संचालक, बीड जिल्हा
मुखपृष्ठ टाकलं की खाली हमखास "पीडीएफ पाठवा". आमच्या ग्रुपवर एका नव्या कादंबरीची पीडीएफ आली, तासाभरात काढायला लावली. लेखक हयात असेपर्यंत आणि पुढं 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. आम्ही उत्तरात पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि वाचनालयाची वेळ पाठवतो.