मदत हवी आहे: मे महिना, देवगडचं लग्न आणि न टिकणारे कर्ल

मोरपंखी

मंडळी, नमस्कार. केसांबद्दल सल्ला हवाय आणि हाताशी महिनाही उरलेला नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात देवगडला आहे, आजोळच्या अंगणात मांडव घालून. सकाळी मुहूर्त, संध्याकाळी त्याच मांडवात रिसेप्शन. कणकवलीहून मेकअपवाली येणार आहे, पण ती फक्त नवरीचं करणार. बाकी आम्ही सगळ्या, म्हणजे मी, आई, दोन माम्या आणि कॉलेजातली मामेबहीण, एकमेकींच्या भरवशावर. घरात त्यातल्या त्यात हाताला वळण माझ्याच आहे, म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

सकाळी नऊवारीवर खोपा, त्यावर आजीची सोन्याची मूद आणि गजरा. संध्याकाळी शिफॉनची साडी, एका बाजूला खोल भांग आणि मोकळ्या केसांच्या मोठ्या, चकचकीत लाटा. सध्या प्रत्येक रिसेप्शनच्या फोटोत दिसतात त्या हॉलीवुड वेव्ह्ज.

आता दुखणं. माझे केस पाठीच्या मध्यापर्यंत आहेत, पण बारीक, सरळ आणि इतके सुळसुळीत की रबरबँड आपोआप घसरून खाली येतो. घरी केस वळवायचा 32 मिमीचा टाँग (गरम होणारी दांडी) आहे, त्याला एकच बटण, चालू किंवा बंद. केस वळतात, आरशात बघून मी खूश होते आणि साडीच्या निऱ्या होईपर्यंत टोकं सरळ झालेली असतात. हे पुण्याच्या कोरड्या हवेत. देवगडला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

वहिनी अमेरिकेहून येतेय. ती विचारतेय, तिकडून गरम हवेचा ब्रश आणू की सरळ डायसनचं एअररॅप, म्हणजे हवेने केस वळवणारं यंत्रच आणू? माझं स्वतःचं बजेट तीन-चार हजारांचं. शिवाय आईचे केस फार विरळ झालेत आणि गंगावन म्हटलं की ती हात झटकते.

आधी असा धागा निघाला असेल तर कृपया तिकडे वळवा.

पोपटी

+१. माझेही असेच केस आहेत, कोपऱ्यात बसून वाचतेय. मामेबहिणीला कपाळावर बटा कापून टाक म्हणावं, साधना कट परत आलाय. त्याला टाँग लागत नाही.

कुंतल

नाशिकला माझं छोटं पार्लर आहे, त्या अनुभवावर लिहिते.

टाँग बदलायला हवाच, पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कर्ल गरम असताना बसत नाही, थंड होताना बसतो. केसातल्या केराटिनमध्ये हायड्रोजनचे बंध असतात. ते उष्णतेने किंवा पाण्याने सुटतात आणि केस थंड झाले, वाळले की ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओलसर केसांची वेणी घातली की सकाळी लाटा मिळतात, त्यातही हेच घडतं. तुम्ही टाँगवरून गरम बट सोडता तेव्हा ती स्वतःच्या वजनाने लांब होते आणि लांबलेलीच थंड होते. मग टोकं सरळ होणारच.

तर बट घ्यायची दोन बोटं रुंद, जास्त नाही. आठ-दहा सेकंद टाँगवर ठेवायची, मग टाँग हळूच बाहेर सरकवून ती गुंडाळी तशीच्या तशी तळहातावर झेलायची. गरम लागते, पण घाबरू नका. तशीच डोक्याशी नेऊन चपट्या क्लिपने टाचायची. सगळं डोकं असं टाचलं की अर्धा तास हात लावायचा नाही. या वेळात साडी नेसा, मेकअप करा, मामीशी भांडा. पार थंडगार लागल्याशिवाय एकही क्लिप काढायची नाही.

32 मिमी तुमच्या केसांना मोठा पडतो. 25 घ्या. विंचरल्यावर लाट आपोआप सैल होते, त्यामुळे सुरुवातीला जरा जास्तच कुरळं, दादीमासारखं दिसलं पाहिजे. तापमान दाखवणारा टाँग तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतो. बारीक केसांना 150 ते 160 अंशांपासून सुरू करा, मामीचे जाड असतील तर 180. 200च्या वर घरी कुणीही जाऊ नये. आणि ओल्या केसांवर टाँग कधीच नाही. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो.

हॉलीवुड वेव्ह्जसाठी सगळ्या गुंडाळ्या एकाच दिशेने वळवायच्या, उलटसुलट नाही. थंड झाल्यावर रुंद ब्रशने न घाबरता विंचरायचं. पहिल्या मिनिटाला केसांची झाडू झाल्यासारखी वाटते, विंचरत राहा, बटा एकमेकींत मिसळून एक पडदा होतो. मग जिथे लाट आत वळते तिथे लांब क्लिप आडवी लावायची, वरून हेअरस्प्रे मारायचा, पाच मिनिटांनी क्लिप काढायची. फोटोतली ती धारदार लाट या शेवटच्या क्लिपांची असते.

साडेसात

मी इथे चुकून आलो, बायको वाचत होती. पण विजेचं बोलू द्या.

अमेरिकेतला पुरवठा 120 व्होल्टचा, आपला 230चा. गरम होणारं उपकरण तिकडचं आणून इकडे लावलंत तर व्होल्टेज जवळपास दुप्पट, म्हणून वीज पावणेचारपट ओढली जाते. आवाजही न करता जळेल किंवा आवाज करून जळेल. प्लगला अडॅप्टर लावल्याने फक्त पिना बसतात, व्होल्टेज बदलत नाही. वहिनींना म्हणावं, उपकरणावरची चिठ्ठी वाचा. 100–240 लिहिलं असेल तर खुशाल आणा, बऱ्याच स्ट्रेटनरवर तसं असतं. नुसतं 120 असेल तर तिथेच राहू द्या. ड्रायर आणि गरम हवेचे ब्रश बहुधा या दुसऱ्या प्रकारातले. एअररॅपही देशागणिक वेगळ्या व्होल्टेजचं येतं, तिकडचं इकडे चालत नाही.

दुसरं असं की मे महिन्यात कोकणात वळिवाची सर आली की वीज जाते. घरचा साधा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, हजार वॅटचा ड्रायर चालवत नाही. टाँग त्या मानाने फारच कमी वीज खातो. मांडवाला जनरेटर असेलच, त्यावरची एक वायर बायकांच्या खोलीत मागून ठेवा. डीजेवाल्याच्या आधी मागा.

पोपटी

साडेसात, बायकोला धन्यवाद सांगा. आता एअररॅपचा पत्ता कट झालाच आहे तर विचारते, ते खरंच इतकं भारी असतं का?

कुंतल

यंत्र म्हणून सुरेख आहे. 2018 साली आलं. वेगाने वाहणारी हवा गोल पृष्ठभागाला चिकटून वळते, त्याला रुमानियन अभियंता आन्री क्वांडाच्या नावावरून क्वांडा परिणाम म्हणतात. त्या हवेबरोबर केस आपोआप गुंडाळला जातो आणि ताप कमी असल्याने केस भाजत नाही. पण सरळ, सुळसुळीत केसांच्या माझ्या गिऱ्हाइकांची तक्रार हीच की त्याचे कर्ल टिकत नाहीत. मोरपंखीच्या केसांवर ते पैसे समुद्रात जातील, तेही देवगडच्या. केस फुगवायला वेल्क्रोचे रोलर घ्या, शे-दोनशे रुपयांत मिळतात. माम्यांच्या टाळूवर तेच लावा.

आंबोळी

अगो बाय, खोप्याचं कोण सांगणार? मी मालवणची, घरातल्या सगळ्या लग्नांत खोपे घालायचं काम माझ्याकडे.

आदल्या दिवशी न्हा. त्याच दिवशी सकाळी न्हालीस तर हातात मासोळी धरल्यासारखं होईल. शेवटच्या न्हाण्याला कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नाही. खोबरेल लावायचं ते न्हाण्याआधी, नंतर थेंबही नको.

टाळूवरचे केस आतल्या बाजूने फणीने उलटे विंचरून घे, तीन-चार थर. वरचा थर गुळगुळीत ठेव. मग मानेच्या जरा वर घट्ट पोनी बांध, दोन रबरबँड. पोनीभोवती डोनट (अंबाड्यात घालायचं गोल, मऊ कडं), डोनटवर केस पसरून जाळी. सुळसुळीत केसांना जाळीशिवाय गत्यंतर नाही. आता आकडे, म्हणजे यू आकाराच्या पिना. आकडा आधी बाहेरच्या दिशेने केसात घालायचा, थोडे केस पकडायचे आणि मग उलटा फिरवून खोप्याखाली आत ढकलायचा. तो अडकतो, निसटत नाही. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सपाट बाजू वर. बऱ्याच जणी उलटी लावतात आणि मग पिन धरत नाही म्हणून रडतात. जिथे जोर हवा तिथे दोन पिना फुलीसारख्या.

मूद सोन्याची आहे ना? मग तिला नुसत्या आकड्याच्या भरवशावर ठेवू नकोस. मुदीच्या मागच्या कडीतून काळा दोरा ओवून खोप्याच्या मुळाशी, पोनीच्या रबरबँडला गाठ मार. आमच्याकडे एका लग्नात मूद जेवणाच्या पंगतीत सापडली होती, पानाखाली.

आईला गंगावन नको तर नको. छोटा डोनट, तिच्या केसांच्या रंगाचा, आणि अंबाडा मानेवर खाली. भोवती गजरा भरगच्च घाल. आत किती केस आहेत ते कोण मोजतंय?

ओली शाई

कुणी तरी 'आधी केराटिन किंवा स्मूदनिंग (पार्लरमधली केस गुळगुळीत करायची ट्रीटमेंट) करून घे' असं सांगायच्या आत लिहिते. करू नकोस. मुळात तुझे केस सरळच आहेत, आणखी गुळगुळीत झाले तर खोपाही बसणार नाही. शिवाय त्यातल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिडच्या क्रीमनंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली आहे. लग्नाच्या तोंडावर नवं रसायन डोक्याला लावायची ही वेळ नव्हे.

मोरपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेसात, वहिनीला चिठ्ठीचा फोटो मागितला, नुसतं 120 आहे. वाचलो.

आता अडकलेय ती मधल्या वेळात. जेवणं उरकून खोपा सोडेपर्यंत चार वाजणार, सातला रिसेप्शन. एवढ्यात धुऊन, वाळवून, वळवून होणार नाही. न धुता टाँग चालेल? आणि दमट हवेवर काही उतारा आहे का?

कुंतल

धूच नका. सकाळच्या उलट्या विंचरण्याने केसांना पकड आलेली असते, संध्याकाळी कर्ल उलट जास्त टिकतील. अट एकच, सकाळी खोप्यावर स्प्रे अगदी नावाला. जाळी आणि आकडे आहेत तर स्प्रेची गरजही नाही. खूप स्प्रे मारलेल्या केसांवर टाँग फिरवला की तो चिकट थर केसावर भाजतो, वास येतो. खोपा सोडल्यावर टोकांकडून सुरू करून हळूहळू वर गुंता काढा, मग हीट प्रोटेक्टंट (केसांना उष्णतेपासून जपणारा स्प्रे), तो पूर्ण वाळू द्या, मग टाँग.

दमटपणावर पूर्ण उतारा नाही. हवेतला ओलावा केसात शिरला की तेच हायड्रोजनचे बंध पुन्हा सुटतात. वेळ लांबवता येते इतकंच. ग्लिसरीन असलेलं सीरम किंवा जेल त्या दिवशी लावू नका, ते दमट हवेतलं पाणी केसात ओढून घेतं. सिलिकॉनचं सीरम शेंगदाण्याएवढं, फक्त टोकांना. क्लिप शेवटच्या क्षणी, स्टेजवर जायच्या दहा मिनिटं आधी काढा. आणि फोटोग्राफरला सांगून कुटुंबाचे फोटो सुरुवातीलाच घ्या. नऊ वाजता लाटांचे सैल वळसे होतील, तेही वाईट दिसत नाहीत. एका बाजूला मोत्याची पिन लावली की मुद्दाम केलेलं वाटतं.

तालीम पुण्यात खोलीत करून उपयोग नाही. गरम पाण्याने अंघोळ करून न्हाणीघर वाफेने भरलेलं असताना कर्ल केलेले केस घेऊन तिथे वीस मिनिटं उभ्या राहा. तिथे जे उरेल ते देवगडला उरेल असं समजा.

अजून एक, हेअरस्प्रे ज्वालाग्राही असतो. होमाच्या, औक्षणाच्या तबकाच्या, समईच्या जवळ जायच्या आधी तो पुरता वाळलेला हवा. सगळ्या जणी एका छोट्या खोलीत स्प्रे मारत असाल तर खिडकी उघडा आणि देवघरातला दिवा त्या खोलीत नको.

मोरपंखी

न्हाणीघराची कल्पना भन्नाट आहे, या रविवारी करते. 25 मिमीचा टाँग, क्लिपा आणि आकडे उद्या रविवार पेठेतून आणते.

आंबोळीताई, शेवटचं. सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) मिळतील का मेमध्ये? नाही तर गजरे किती सांगू आणि सकाळपर्यंत ताजे कसे ठेवू?

आंबोळी

सुरंगीचा हंगाम मार्च-एप्रिलचा गो, तुझ्या तारखेला मिळायची आशा धरू नको. मोगरा आणि मधे मधे अबोली सांग. खोप्याला दोन हात पुरतो, आईच्या अंबाड्याला तीन धर. कळ्यांचाच घे, उमललेला नको. रात्री केळीच्या पानात गुंडाळून त्यावर ओलं फडकं घाल, फ्रीज असेल तर खालच्या कप्प्यात. सकाळी घालायच्या आधी नीट झटक, नाही तर ब्लाउजच्या पाठीवर पाणी ओघळतं. संध्याकाळच्या मोकळ्या केसांना गजरा घालू नको, त्याच्या ओलीने तुझी लाट तिथेच बसेल.

आणि फुलवाल्याला आत्ताच फोन कर. मे महिन्यातल्या मुहूर्ताला आमच्याकडे एका दिवशी चार-चार मांडव असतात, आदल्या दिवशी गेलीस तर प्लास्टिकचे गजरे मिळतील.